ओएससीई की नाटो?

युरोपची सुरक्षा संवादाने राखायची की सामूहिक संरक्षणाने? वादविवाद स्पर्धेसाठी भाचीला एक बाजू निवडायची आहे आणि तिचं मन ठरत नाहीये. म्हणून 'युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटना' (ओएससीई) आणि नाटो ही लष्करी आघाडी यांना समोरासमोर ठेवतो.

खर्चात तुलनाच नाही. ओएससीईचं 2021 चं बजेट जेमतेम 14 कोटी युरोंचं. नाटो देशांनी 2025 मध्ये हेगला मान्य केलेलं उद्दिष्ट आहे 2035 पर्यंत संरक्षण आणि सुरक्षेवर आपापल्या जीडीपीच्या 5 टक्के खर्चाचं.

मानवी हक्कांत मात्र ओएससीई उजवी. तिचं मूळ असलेल्या 1975 च्या हेलसिंकी करारात 35 देशांनी सीमांबरोबर हक्कांनाही सुरक्षेचा भाग मानलं, आणि त्याच कागदाच्या आधारे मॉस्को, प्रागमधल्या नागरिकांनी सरकारला जाब विचारला. पूर्व युक्रेनमध्ये तिचे निःशस्त्र निरीक्षक रोजचे स्फोट मोजत. तिथल्या युक्रेनी सैन्य आणि रशियासमर्थक फुटीरतावाद्यांमधल्या सीमारेषेवर, स्तानित्सिया लुहान्स्का गावाच्या तुटक्या पुलावर पेन्शनसाठी निघालेली म्हातारी माणसं लाकडी उतारावरून चढउतार करत. 2019 मध्ये दोन्हीकडचे सैनिक मागे हटले, पूल दुरुस्त झाला. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण टिकाऊपणा? ओएससीईत रशियासह 57 सदस्य देशांच्या एकमताशिवाय पान हलत नाही. मार्च 2022 मध्ये रशियाने मुदतवाढ अडवली आणि निरीक्षकांची मोहीम संपली. नाटोतही एकमत लागतंच, पण तिथे रशियाला नकाराधिकार नाही. रशियाने 2022 मध्ये युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर फिनलंड (2023) आणि स्वीडन (2024) नाटोत गेले ते उगाच नाही.

शस्त्रसंधीवर देखरेख, निवडणूक निरीक्षण, अल्पसंख्याकांचे प्रश्न यांसाठी ओएससीई. शेजारी रणगाडे घेऊन उभा असेल, तर नाटो.