वाचन शिकवायचं प्रशिक्षण: मोबाईलवर, तालुक्याला की आपल्याच वर्गात?

दुसरीतली एक मुलगी माझ्या वर्गात धडा घडाघडा वाचायची. सप्टेंबरात शेजारच्या शाळेतल्या बाई माझा तास बघायला आल्या. त्यांनी त्याच धड्यातला एक शब्द पाटीवर सुटा लिहिला, तर ती गप्प. अख्खा धडा तिला पाठ होता. जूनपासून मी तिचं वाचन रोज ऐकत होते, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या शिकण्याला द्यायचे आहेत. ते कुठे खर्चावेत असं विचारणाऱ्या नव्या गुरुजी-बाईंसाठी हे लिहिते आहे. तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत.

ऑनलाइनचं थोडक्यात सांगते. दीक्षा या सरकारी शिक्षण-मंचावर 'निष्ठा ३.०' या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे १२ अभ्यासक्रम आहेत. पैसे लागत नाहीत, शाळा बुडत नाही, रात्री घरी बसून होतं. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांचा मेळ कसा घालायचा, हे मला तिथूनच उमगलं. तांड्यावरचं लेकरू भाकरीला 'बाटी' म्हणतं, तेव्हा त्याला गप्प न करता तोच शब्द फळ्यावर घ्यायचा. एकशिक्षकी शाळेवर असाल तर सुरुवात इथून करा. मात्र तुमचं पोरगं 'सूर्य'चा रफार गाळून 'सूय' वाचतंय, हे मोबाईलला कधीच ऐकू येत नाही.

तालुक्याच्या प्रशिक्षणात माणसं भेटतात, साहित्य हाताळायला मिळतं. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारा माणूस, चांगला असेल तर स्वरचिन्हं कोणत्या क्रमानं घ्यायची, जोडाक्षरं कशी फोडून दाखवायची, हे करून बघता येतं. नुसती भाषणं असतील तर दिवस वायाच जातो. द्विशिक्षकी शाळेत त्याची किंमतही मोठी पडते, कारण मागे राहिलेल्या एकट्या शिक्षकाला चारही वर्ग ओढावे लागतात. म्हणून जाण्याआधी एकच विचारा: तिथे आम्हाला पाठ घ्यायला लावणार का?

तिसरी वाट म्हणजे कुणीतरी वर्गात येऊन बसणं. माझा कौल हिलाच, आणि तो फक्त माझ्या अनुभवावरचा नाही. दक्षिण आफ्रिकेत सेट्स्वाना भाषेच्या शाळांमध्ये हीच तुलना करून पाहिली आहे. शिक्षकांच्या दोन्ही गटांना पाठांचे आराखडे आणि वाचनसाहित्य सारखंच दिलं. एका गटाला वर्षातून दोनदा एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाच्या वर्गात मार्गदर्शक नियमित जात राहिले. दोन वर्षांनी मुलांच्या वाचनात दिसलेली सुधारणा दुसऱ्या गटात जवळजवळ दुप्पट होती. साहित्य तेच असताना फरक पडला तो वर्गात बसणाऱ्या माणसामुळे.

आपल्याकडे असा मार्गदर्शक कुठून आणायचा? आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र; त्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या मागे आधीच ढीगभर कामं असतात, आणि ते आले की तास सोडून रजिस्टरं निघतात. आम्ही केंद्रातल्याच दोन शाळांची जोडी लावली. महिन्यातून एकदा एकमेकींचा तास बघायचा. काय बघायचं ते आधी ठरवायचं, म्हणजे आज फक्त मागच्या ओळीतली चार मुलं वाचताना कुठे अडतात, एवढंच. कागदावर काही भरायचं नाही, वर कुणाला कळवायचं नाही. हा नियम मोडला की भेटीची तपासणी होते आणि पोरांना पाठ केलेलं म्हणायला लावण्याचा मोह होतो. मुलांच्या अडलेल्या शब्दांची यादी आम्ही शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, नेतो, आणि तिथली चर्चा आता परिपत्रकांपलीकडे जाते.

हे सगळं कधी करायचं, हे बीड-जालन्याकडच्या शाळांनी आधी ठरवावं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली लेकरं दिवाळीच्या आसपास निघतात ती थेट मार्च-एप्रिलात परततात. जानेवारीतलं प्रशिक्षण कितीही चांगलं असलं तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. माझ्या वर्गातली ती पाठ म्हणणारी मुलगीही त्यांच्यातलीच, म्हणून तिच्यासाठी माझ्या हातात उरले होते जेमतेम सहा आठवडे. तेवढ्यात ती सुटे शब्द वाचू लागली, जोडाक्षरं राहिली. आता आम्ही तालुक्याचं प्रशिक्षण जुलैच्या आत मागून घेतो आणि पहिली भेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठेवतो.