नऊ महिने फ्रीराइड सायकल, आणि वॉरंटीच्या कागदातला बारीक टाइप

दसऱ्याला फ्रीराइड सायकल, म्हणजे उभ्या उतारांवरून आणि कड्यांवरून उड्या मारायची सायकल, घरी आणली तेव्हा ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेल्या एका काकांनी किंमत विचारली. सांगितली. काका म्हणाले, "इतला पैसास्मा तं फटफटी ई जाती भाऊ!" साडेचार लाखांत फटफटी येऊन वर दोन वर्षांचं पेट्रोल निघालं असतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

चोपड्यात माझं पंप आणि ठिबकचं दुकान आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. डोंगरात उतार भरपूर, पण अभयारण्यात आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, हे मी पाळतो. आमचं खरं मैदान म्हणजे तापीकाठच्या घळी. पिवळ्या गाळाच्या मातीचे उभे कडे, मधून पाण्यानं कोरलेल्या नाळी. अमेरिकेत युटामधल्या व्हर्जिन गावाजवळ २००१ मध्ये फ्रीराइडची रॅम्पेज स्पर्धा सुरू झाली. तिथले कडे बघितले की आपली घळ म्हणजे त्यांचं शेंडेफळ वाटतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी माती घट्ट असते. पावसात तिकडे फिरकायचंही नाही, चाक जागेवर रुततं.

माझी सायकल अ‍ॅल्युमिनियमची, पुढे-मागे १८० मिलिमीटर ट्रॅव्हल (धक्का झेलताना चाक जितकं वर-खाली होतं ते अंतर), मागे स्प्रिंगचा कॉइल शॉक, ब्रेकच्या २०० मिलिमीटरच्या डिस्क, वजन जवळपास १७ किलो. त्याच सुमारास भुसावळच्या मामेभावानं दुसऱ्या कंपनीची १५० मिलिमीटरची ट्रेल सायकल, म्हणजे डोंगरवाटेवर चढ-उतार दोन्हींसाठीची, घेतली, वजन १४ किलोच्या आत. नऊ महिने दोन्ही आलटून पालटून चालवल्यात. चढावर त्याची सायकल मला रडवते. घळीपर्यंतच्या शिवाररस्त्यावरही तीच बरी. माझी म्हणजे बैलगाडीला घुंगरं बांधून पळवल्यासारखी. पण एकदा कड्याच्या तोंडाशी आलो की माझ्या सायकलवर पोटात गोळा येत नाही. तिची हँडलखालची मान तिरपी आहे, पुढचं चाक लांब पडतं, तीव्र उतारावर डोक्यावरून जाण्याची भीती कमी होते.

काट्यांचं सांगायलाच हवं. वेडी बाभूळ. ट्यूबलेस टायरात सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, आहे म्हणून निर्धास्त राहिलो आणि एप्रिलमध्ये दोन्ही टायर एकाच सकाळी बसले. आत बघितलं तर सीलंट वाळून पापुद्रे झालेले. आमच्याकडचं ऊन ४५ अंशांच्या पुढं जातं. सीलंट किती महिन्यांनी ओतायचं ते थंड देशाच्या हिशोबानं लिहिलेलं असतं, ते इथं चालत नाही. आता दर पाच आठवड्यांनी ओततो.

काळ्या मातीची धूळ हा खरा शत्रू. चौथ्या महिन्यात मागच्या सांध्यातून कुरकुर सुरू झाली. बेअरिंगं गेली होती. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं: बेअरिंग ही झीज होणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. हसू आलं, कारण हेच वाक्य मी दहा वर्षं शेतकऱ्यांना ऐकवतोय. पाणबुडी मोटर कोरडी चालून जळाली, वाइंडिंग कमी व्होल्टेजनं गेलं, "बसत नाही काका". पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर ते वाक्य कसं लागतं ते कळलं. बेअरिंगवरचा नंबर वाचला: ६९०२. आमच्याच बाजारात मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे सापडलं. एक मात्र आहे. सायकलच्या सांध्याला जाळी नसलेलं, गोळ्यांनी ठासून भरलेलं बेअरिंग लागतं, कारण तो सांधा पूर्ण फिरत नाही, नुसता हलतो. बाजारातलं जाळीवालं बसतं, पण लवकर जातं. मी तेच बसवलंय आणि वर्षातून दोनदा बदलायची तयारी ठेवलीय.

सहाव्या महिन्यात शॉकमधून तेल झिरपलं. फ्रेमची वॉरंटी वेगळी आणि शॉकची वेगळी असते, हे बरेच जण विसरतात. शॉक बनवणाऱ्याकडेच दावा करावा लागतो, आणि मुदत फ्रेमपेक्षा खूप कमी असते. शॉक बनवणाऱ्या रॉकशॉक्सचं उदाहरण घ्या: दोन वर्षं, आणि फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी करायची अशी सूचना. माझा शॉक कुणाचा ते राहू द्या, पण त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, किती तास चालवला आणि सर्व्हिस कधी केली? माझ्याकडे नोंद होती. दुकानातल्या उधारीच्या वहीचं शेवटचं पान, तारीख आणि तास. त्या पानाचा फोटो आणि बिल पाठवलं. सात आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी होती, पण शॉक दुरुस्त होऊन फुकट आला. आमच्या गिऱ्हाइकांपैकी दहांत एकानं जरी बिल जपलं असतं तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

आता मामेभावाची गोष्ट. जानेवारीत त्याच्या फ्रेमला सीटच्या नळीजवळ, वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर दिसली. "आजन्म वॉरंटी आहे दादा," म्हणत त्यानं दावा केला. कंपनीनं त्याचं सोशल मीडियाचं खातं तपासलं. तिथं घळीच्या कड्यावरून घेतलेल्या उडीची रील, तीही संथ गतीत, म्हणजे मोजायला सोपी. बऱ्याच सायकलींवर एएसटीएम या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ२०४३ प्रमाणाप्रमाणे वापराचा प्रकार छापलेला असतो. तिसऱ्या प्रकारात ६१ सेंटिमीटरपर्यंतची उडी चालते, चौथ्यात १२२. पाचवा प्रकार डाउनहिल, म्हणजे वेगानं डोंगर उतरण्याचा, आणि फ्रीराइडचा. भावाच्या सायकलीवर ४ होता. दावा नाकारल्यावर तो ग्राहक आयोगात जायच्या गोष्टी करू लागला, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते वगैरे. मी दुकानातला टेप घेऊन त्याच कड्यावर गेलो. १४० सेंटिमीटर. मग तो गप्प झाला. शेवटी कंपनीनं नवी फ्रेम सवलतीत द्यायचं कबूल केलं. फुकट नाही, पण बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त.

घेण्याआधी मी वॉरंट्या वाचल्या होत्या, त्यातलं डोक्यात राहिलेलं सांगतो. सांताक्रूझ ही सायकल कंपनी पहिल्या मालकाला फ्रेमची आजन्म हमी देते आणि सांध्यांची बेअरिंगंही बदलून देते. खान्देशच्या धुळीत हे दुसरं कलम पहिल्यापेक्षा मोलाचं. कॅन्यन सहा वर्षं देते. जायंटच्या कागदात साध्या फ्रेमला आजन्म, पण डाउनहिलसारख्या दणकट वापराच्या फ्रेमला तीन वर्षं अशी विभागणी वाचली होती. तेव्हा मला ती चलाखी वाटली. आता वाटत नाही. जी सायकल रोज कड्यावरून फेकली जाणार तिला तीन वर्षं लिहून देणारा निदान खरं बोलतो. आजन्म लिहून खाली उडी मारायची नाही असं बारीक टाइपात घालणाऱ्यापेक्षा मला तो बरा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी "पहिल्या मालकाला" हे दोन शब्द नीट वाचावेत. पुण्यात मला हीच सायकल वर्षभर वापरलेली सव्वा लाखानं स्वस्त मिळत होती. ती घेतली असती तर शॉकचा खर्च माझ्याच खिशातून गेला असता. तरीही हिशोबात ती स्वस्तच पडली असती, हेही कबूल करतो. पण फ्रेमला चीर गेली असती तर नाही.

ब्रेकबद्दल तक्रार नाही. माझे डॉट नावाच्या ब्रेक तेलावर चालणारे आहेत, आणि ते तेल कुठल्याही मोटरसायकल मेकॅनिककडे मिळतं. भावाचे मिनरल तेलाचे, ते त्याला मागवावं लागतं.

पुन्हा घ्यायची झाली तर हीच घेईन का? घळी जवळ आहेत तोवर हो. ज्याला फक्त पाटाकाठानं आणि मुरमाच्या रस्त्यानं फिरायचंय त्यानं भावासारखी घ्यावी, पाठ आणि पैसे दोन्ही वाचतील.

त्याची नवी फ्रेम अजून वाटेत आहे. पेरणीआधीच्या शेवटच्या कोरड्या रविवारी त्यानं माझी सायकल मागितली. दिली, फोन घरी ठेवायच्या अटीवर.