पाटे काढून विकलेला आराम: पिकअपच्या ‘पेटंटेड’ एअर सस्पेन्शन किटमधली फसवणूक

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाचा माल निघायच्या तोंडावर आणि वर पाचगणी-महाबळेश्वरकडं स्ट्रॉबेरी सुरू होताना पिकअपवाल्यांना गाठून एक किट विकलं जातं. मागच्या पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) हवेच्या दोन पिशव्या, डॅशबोर्डला हवेचं प्रेशर दाखवणारं एक घड्याळ, सीटखाली छोटा कॉम्प्रेसर. “अण्णा, मणी गळणार नाही, क्रेट दबणार नाही, दीड टनाची गाडी अडीच टन घेऊन बिनघोर वाशीला जाईल. पेटंट आहे आपलं.” आणि भिंतीवर फ्रेम केलेला एक सरकारी कागद.

तासगावकडच्या एका बागायतदाराच्या गाडीवर असं किट बसलं. पासष्ट हजार गेले, त्यातले निम्मे रोख, आणि बिलावर नुसतं ‘स्पेअर पार्ट व मजुरी’. बसवल्यावर गाडी खरोखरच मऊ लागली. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून विक्रेत्यानं चक्कर मारून दाखवली, पाणी सांडलं नाही. हंगामाच्या मध्यावर उजवी पिशवी फाटली आणि भरलेली गाडी त्या बाजूला थेट बंप रबरवर, म्हणजे एक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबरावर, बसली. खाली वाकून पाहिल्यावर कळलं की दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे जागेवर नाहीत आणि पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या खाली तेवढ्या जाडीच्या पट्ट्या भरल्यात.

सगळी फसवणूक त्या काढलेल्या पाट्यांत आहे. पाट्याला समांतर बसवलेली हवेची पिशवी रिकामी गाडी मऊ करूच शकत नाही. दोन स्प्रिंग शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांचा ताठपणा मिळवला जातो, वजा होत नाही. भरलेल्या गाडीत पिशवीचा उपयोग होतो, नाही असं नाही: मागचा भाग खाली बसत नाही, खड्ड्यात हौजिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) बंप रबरवर आदळत नाही. हेल्पर पिशवी असते ती एवढ्यासाठीच. पण रिकाम्या गाडीत पेला हलत नसेल, तर ती करामत पाटे कमी केल्याची आहे, आणि ते काम कुठलाही पाटेवाला मजुरीत करून देईल.

खऱ्या एअर सस्पेन्शनमध्ये पाटा असतच नाही, किंवा असला तर एक्सलला धरणाऱ्या दांड्याचं काम करतो. पाटा दोन कामं करतो: वजन घेतो आणि एक्सलला जागेवर धरतो. हवेची पिशवी फक्त उभं वजन घेते, आडवा किंवा पुढं-मागं जोर तिला सोसत नाही. म्हणून मोठ्या बसला पिशव्यांबरोबर एक्सलला जागेवर धरणारे ट्रेलिंग आर्म आणि टॉर्क रॉड, आणि बॉडी एक्सलपासून किती उंचीवर राहावी हे ठरवणारा लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो. शॉकअपही (शॉक अॅब्झॉर्बर) वेगळे असतात, कारण पिशवीत हेलकावे थांबवण्याची ताकद जवळजवळ नसते, आणि चाक खड्ड्यात लटकलं की पिशवी ताणून फाटू नये म्हणून शॉकअपच तिला अडवतो. या किटमध्ये शॉकअप जुनेच राहतात. पाटे कमी झाल्यावर ब्रेक मारताना हौजिंग पिळतं, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टवर कात्रीसारखा जोर येतो, तो तुटला की एक्सल एका बाजूनं मागं सरकतो. टायरची एक कड लवकर घासायला लागली तर अलाइनमेंटवाल्याकडं जाण्याआधी दोन्ही बाजूंना पाटा चेसिसला अडकवणाऱ्या पुढच्या हँगरच्या पिनपासून हौजिंगपर्यंत टेप लावून अंतर सारखं आहे का बघा.

‘एक पिशवी दोन टन उचलते’ हा दावा तपासायला कॅल्क्युलेटर पुरतो. उचलायची ताकद म्हणजे प्रेशर गुणिले परिणामी (प्रत्यक्ष वजन घेणारं) क्षेत्रफळ. अशा पिशव्यांना जास्तीत जास्त चौरस सेंटीमीटरला 7 किलोच्या आसपास प्रेशर चालतं. बाहेरून 15 सेंटीमीटर दिसणाऱ्या वळ्यांच्या पिशवीचा परिणामी व्यास साधारण 12 सेंटीमीटर धरा, क्षेत्रफळ 113 चौरस सेंटीमीटर, म्हणजे 7 किलोला पुरते 800 किलोही होत नाहीत. दोन टनांसाठी परिणामी व्यास 19 सेंटीमीटर लागेल, आणि तेवढी पिशवी पिकअपच्या चेसिस आणि टायरच्या मध्ये मावत नाही.

पिशवी जुनी असेल तर तेही दिसतं. भंगारातल्या बसच्या पिशव्या डिझेलनं धुवून टायर पॉलिश मारून विकल्या जातात, आणि डिझेल-रॉकेलनं रबर फुगतं, थर सुटतात. पिशवी पूर्ण भरून वळीच्या तळाशी टॉर्च मारा: बारीक जाळीसारख्या भेगा किंवा आतला दोरा दिसला तर ती परत करा. साच्यात उठलेला पार्ट नंबर आणि तारखेचा कोड ग्राइंडरनं घासलेला असेल तर पुढं काही विचारायचं कारणच नाही.

आता ब्रेक. पुष्कळ पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो: चेसिसला व्हॉल्व्ह, तिथून हौजिंगपर्यंत एक सळई. माल भरला की बॉडी खाली बसते, सळई ढकलली जाते, मागच्या चाकांना जास्त प्रेशर मिळतं. गाडी रिकामी असली की बॉडी वर, मागचं प्रेशर कमी, त्यामुळं मागची चाकं जाम होत नाहीत आणि गाडी गरकन फिरत नाही. पिशव्या फुगवून भरलेली गाडी वर उचलली की या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते. दीड टन माल पाठीवर आणि मागचे ब्रेक अर्धवट. पसरणी घाटातून वाईला उतरताना सगळा भार पुढच्या डिस्क ब्रेकवर येतो, पॅड तापतात, पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. खंबाटकीत उतरतानाही हेच. यावर काही फिटर ती सळईच वाकवून देतात. मग रिकाम्या गाडीत मागची चाकं ओल्या रस्त्यावर पटकन जाम होतात. म्हणून आधी गाडीला हा व्हॉल्व्ह आहे का ते बघा. असेल तर किट बसवल्यावर रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत मागच्या ब्रेक लाइनचं प्रेशर घड्याळ लावून मोजून घ्या. याला नकार देणारा माणूस किट बसवायच्या लायकीचा नाही.

घाटासाठी आणखी एक वैताग. डाव्या-उजव्या पिशव्या एकाच टी-जॉइंटनं जोडलेल्या असतात, एक पाइप आणि एक घड्याळ वाचवण्यासाठी. वळणावर बाहेरच्या पिशवीवर वजन येतं, तिच्यातली हवा आतल्या पिशवीत पळते, म्हणजे जिथं आधार हवा तिथंच तो जातो. गाडी आधीपेक्षा जास्त झुकते. दोन्ही बाजूंना स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र घड्याळ हवं. पाइपही बघा: कारखान्यातल्या मशीनसाठी मिळणारा निळा पीयू पाइप आणि पुश फिटिंग सांगली-मिरजेत कुठल्याही न्यूमॅटिक्सच्या दुकानात मिळतं, पण उष्णतेनं त्याची ताकद झपाट्यानं उतरते. सायलेन्सरपासून पिशवी आणि पाइप निदान सहा इंच दूर हवेत, आणि पिशवी पूर्ण फुगल्यावर चोहोबाजूंनी 25 मिलिमीटर तरी मोकळी राहायला हवी. कॉम्प्रेसर पंधरा-वीस अँपिअर ओढतो. त्याची वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज आणि रिलेशिवाय आणलेली असेल तर गाडी पेटायचं निमित्त तिथंच आहे.

एअर ब्रेकच्या टेम्पो-ट्रकला हेच किट विकताना कॉम्प्रेसरचाही खर्च वाचवतात आणि हवा ब्रेकच्या टाकीतून घेतात. मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (टाकीतलं प्रेशर ठराविक पातळीखाली जायला लागलं की पिशव्यांकडची हवा बंद करणारा) नसेल तर एक पिशवी फाटली की ब्रेकची टाकी रिकामी होते. तपासणी सोपी आहे: सपाट जागेवर चाकांना ठोकळे लावा, चेसिस लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, टाकी 8 किलोपर्यंत भरून इंजिन बंद करा, पिशवीच्या नटाला पाना लावून पाइप थोडा सैल करा. ब्रेकच्या घड्याळाचा काटा 6 किलोच्या आसपास थांबला पाहिजे. तो खाली जातच राहिला तर गाडी तिथून हलवू नका. चेसिस खाली येऊ शकतं, म्हणून हात किंवा डोकं मध्ये घालायचं नाही.

आणि हे सगळं कुणी विचारत का नाही? भिंतीवरच्या त्या कागदामुळं. ‘पेटंट आहे’ म्हटलं की माणूस गप्प बसतो.

त्या कागदावर बहुतेक वेळा बारा आकडी नंबर असतो. पहिले चार आकडे वर्ष, पाचवा आकडा 2 म्हणजे मुंबई कार्यालय. हा अर्जाचा नंबर झाला, मिळालेल्या पेटंटचा नंबर वेगळा असतो. अर्ज कुणीही करू शकतो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. तात्पुरतं वर्णन देऊन केलेल्या अर्जामागून 12 महिन्यांत पूर्ण वर्णन दिलं नाही तर तो सोडून दिल्याचं धरलं जातं. पुढं तपासणीची विनंती वेगळी फी भरून करावी लागते, 2024 च्या नियमबदलानंतरच्या अर्जांना 31 महिन्यांच्या आत. ती केली नाही तरी अर्ज संपला. फ्रेम मात्र भिंतीवरच राहते. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘इन्पास’ नावाचा शोध फुकट आहे, नंबर टाका आणि स्थिती वाचा. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळं नवा अर्ज तिथं नसेल तर समजू शकतं. कागदावरचं वर्ष दोन-तीन वर्षं मागचं आणि शोधात काहीच नाही, तर तो अर्ध्यात टाकलेला समजायला हरकत नाही. काही जण डिझाइन नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवतात. ते फक्त आकार-रूपाचं असतं, वस्तू कशी चालते त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

समजा पेटंट खरंच मिळालेलं असलं, तरी ते पिशवीचं नक्कीच नाही. वाहनासाठीच्या हवेच्या स्प्रिंगचं पेटंट अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज यांना 1901 मध्येच मिळालं होतं, आणि 1953 मध्ये जनरल मोटर्सच्या बस एअर सस्पेन्शनवर धावू लागल्या. फार तर ब्रॅकेटच्या एखाद्या वळणाचं असेल. शिवाय पेटंट कार्यालय कल्पना नवी आहे का, सहज सुचण्यासारखी तर नाही ना असल्या गोष्टी बघतं, गाडी घाटात थांबते का हे बघत नाही. ते काम एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेचं. विक्रेत्याकडं मागायचा कागद तो, तुमच्या गाडीच्या मॉडेलच्या नावासकट. मिळालेलं नसताना पेटंट असल्याचं सांगून माल विकणं पेटंट कायद्याच्या कलम 120 खाली येतं, दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो.

अडीच टनांचं आमिष तर हिशेबातच बसत नाही. आरसीवरचं वजन पिशवीनं वाढत नाही. टायर, बेअरिंग, हौजिंग, ब्रेक तेच. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे. परवानगीशिवाय केलेल्या बदलाचा दंड वेगळा, कलम 182अ प्रमाणे प्रत्येक बदलाला 5,000 किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तो गाडीच्या मालकाला बसतो, किटवाल्याला नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकतो तेव्हा हे आधी बाहेर येतं.

किट बसलेलं असेल तर आधी दोन्ही पिशव्यांची हवा काढून रिकामी गाडी हळू चालवून बघा. तेवढीच मऊ लागली तर पाटे मोजा. फोटो घ्या, दोन्ही बाजूंची उंची मोजून तारखेसह लिहून ठेवा, विक्रेत्याचे व्हॉट्सअॅपवरचे दावे पुसू नका. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. गाडी धंद्याची आहे असं समोरचा म्हणेल, तेव्हा ती स्वतः चालवून त्यावर पोट भरत असल्याचं तक्रारीतच स्पष्ट लिहा, कारण स्वयंरोजगाराला कायद्यात सूट आहे. बिल ‘स्पेअर पार्ट’चं असेल तर पैसे भरल्याचा बँकेचा उतारा जोडा.

काढलेले पाटे विक्रेत्याकडंच राहिले असतील तर तडजोडीचं बोलणं सुरू व्हायच्या आधी ते ताब्यात घ्या. संचातल्या पाट्यांची कमान एकमेकांना धरून बसलेली असते. बाजारातला नवा सुटा पाटा एकाच बाजूला घातला की ती बाजू उचलून राहते, म्हणून जुने मिळालेच नाहीत तर दोन्ही बाजूंचा पूर्ण संच एकदम बदलावा लागतो, आणि तोही खर्च तक्रारीत मागायचा असतो.