नऱ्हे ते शिरवळ, रोज: पहिली क्रूझर म्हणून मीटिऑर ३५० घेतल्यानंतरचे आठ-नऊ महिने

घर पुण्यात नऱ्ह्याला आणि नोकरी सातारा रस्त्यावर शिरवळ एमआयडीसीत. कंपनीची बस ठरल्या वेळेला निघते, पण माझं काम कधी संपणार हे प्लॅन्टमधली मशिनं ठरवतात, त्यामुळे बस निम्म्या वेळा चुकतेच. कार रोज एकट्यासाठी काढणं परवडत नाही. राहिली दुचाकी, तिला टोलही नाही. आधीची १२५ सीसीची गाडी इमानी होती, पण शेजारून कंटेनर गेला की अर्धा हात बाजूला सरकायची. हायवेला जड, बसक्या गाडीची गरज होती आणि क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून ताठ बसायची बसकी मोटरसायकल, मनात बऱ्याच वर्षांपासून होती. गाडीवर एक पूर्ण पावसाळा आणि पंधरा हजारांच्या वर किलोमीटर झाले, म्हणून आता लिहितोय. नव्या गाडीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळंच छान वाटतं.

आधी वेगाचं बोलू, कारण पहिला प्रश्न तोच येतो: "३५० सीसी आणि फक्त वीस एचपी? हायवेला पुरते का?" रॉयल एनफिल्डच्या मीटिऑरचं इंजिन ३४९ सीसीचं आहे, ताकद २०.२ बीएचपी, आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २७ न्यूटन मीटर, तोही ४००० आरपीएमलाच. कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. पण केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला ८० ची मर्यादा आहे, आणि ही गाडी ८० वर पाचव्या गिअरमध्ये अगदी निवांत असते. समोरचा टेम्पो ओलांडायला चौथा टाकावा लागतोच असं नाही, मुठ पिळली की पुरतं. १०० च्या पुढे मात्र ती मनापासून धावत नाही, आणि वीस एचपीकडून तशी अपेक्षाही करू नये. हिशोब साधा आहे. चाळीस किलोमीटर सलग ८० ने गेलात तर अर्धा तास, १०० ने गेलात तर चोवीस मिनिटं. ती वाचलेली सहा मिनिटं चेलाडी फाट्यावरच्या गर्दीत संध्याकाळी एका फटक्यात जातात.

तेव्हा पहिली क्रूझर निवडताना सीसीवर फार खल करू नका. पाय कुठे येतात ते बघा. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढ्यावरच आहे.

साध्या गाडीवर फुटरेस्ट तुमच्या कमरेखाली असतात. मोठा खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर जोर देतो, बूड सीटवरून जरा उचलतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे जातात. पुढे गेलेल्या पायांवर उठता येत नाही, खुर्चीत पाय पसरून बसल्यावर हात न टेकता उठून बघा, तसंच. मग मागच्या चाकाचा दणका थेट माकडहाडाला लागतो आणि तिथून कण्यात चढतो. त्यात क्रूझर बसकी ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपला हालचालीला जागाही कमीच मिळते. शोरूमबाहेरच्या दोन किलोमीटरच्या टेस्ट राइडमध्ये यातलं काहीच कळत नाही, कारण तिथला रस्ता गुळगुळीत असतो आणि आपण गाडीच्या आवाजावर खूश असतो.

म्हणून मी घेण्याआधी ऑफिसातल्या एका सिनियर सरांची ॲव्हेंजर २२० काही दिवस मागून चालवली. कावासाकी-बजाजची एलिमिनेटर २००१ मध्ये आली, पुढे तिचीच ॲव्हेंजर झाली, आणि सर तेव्हापासून त्याच घराण्यात आहेत. गाडी गोड आहे. सीट ७३७ मिलिमीटरवर, वजन १६३ किलो, कमी उंचीच्या माणसाला याहून सोपी क्रूझर मिळणार नाही, आणि पैसेही बरेच कमी लागतात. पण तिच्यावर पाय चांगलेच पुढे जातात आणि हँडल उंच. शहरात राजासारखं वाटतं. हायवेला ८० वर छाती पूर्ण उघडी, आणि पायांचा आधार नाही म्हणून अंग हँडलला धरून ठेवावं लागतं. कपूरहोळच्या पुढे माझे खांदे भरून यायचे. सरांना काही होत नाही, ते साठने जातात.

मीटिऑरचे फुटरेस्ट पुढे आहेत, पण जेमतेम. खड्डा आला तर पूर्ण उठता येत नाही, तरी बूड हलकं करता येतं. तेवढ्याने रोजच्या नव्वद किलोमीटरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सीट ७६५ मिलिमीटरची, माझी उंची साडेपाच फूट, दोन्ही टाचा टेकतात. हे फक्त सिग्नलपुरतं नाही. गाडी १९१ किलोची आहे, आणि सोसायटीच्या उतारावर ती मागे ओढताना टाच टेकणं हीच खरी सोय असते. क्लासिक ३५० ची सीट ८०५ वर आहे, वजन जवळपास एवढंच. माझ्या उंचीला ती जड गेली असती. होंडाची हायनेस १८१ किलोची, सीट ८०० ची. ती क्रूझर नव्हे, पण उंच माणसाने आणि ज्याला क्रूझरचं फक्त रूप आवडतं त्याने ती आधी चालवून बघावी. सुपर मीटिऑर ६५० वर मी फक्त बसून आलो. २४१ किलो घेऊन नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये रोज कोण उभं राहणार? शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के आहे, त्यामुळे ३४९ आणि ६४८ सीसीच्या किमतींतली दरी आणखी रुंदावली आहे.

मागच्या शॉकअपला सहा टप्प्यांचं प्रीलोड आहे, म्हणजे स्प्रिंग किती दाबून ठेवायची ते ठरवता येतं. बहुतेक लोक त्याला आयुष्यात हात लावत नाहीत. एकटे जात असाल तर खालच्या टप्प्यावर ठेवा, मागे माणूस बसला की वाढवा. टूलकिटमधल्या पान्याने पाच मिनिटांचं काम आहे आणि कमरेला त्याच रात्री कळतं. दुसरी गोष्ट पाठीवरच्या सॅकची. क्रूझरवर आपण ताठ बसतो, त्यामुळे लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली यांचा सगळा भार सरळ कमरेत उतरतो. सॅक मागच्या सीटवर बंजीने बांधा. पहिल्या महिन्यात ज्याला मी गाडीचा त्रास समजत होतो त्यातला बराचसा सॅकचा होता.

टाचेने गिअर टाकायचा लिव्हर हा जुन्या काळचा प्रकार आहे असं तरुण पोरं म्हणतात. प्लॅन्टवर सेफ्टी शूज घालणाऱ्यांना विचारा. लोखंडी टोपीचा बूट लिव्हरखाली सरकवायची कसरत रोज करण्यापेक्षा टाचेने दाबणं केव्हाही बरं, आणि पॉलिशही टिकतं.

वाऱ्याबद्दल. ताठ बसल्यावर वारा छातीवर येणारच, तो कुठल्याच क्रूझरवर चुकत नाही. मी पुढे काच लावून घेतली, मध्यम उंचीची. छातीवरचा वारा गेला, पण काचेवरून उसळलेला झोत नेमका हेल्मेटवर येऊन आदळायला लागला आणि डोकं घुमायला लागलं. काच दोन बोटं उंच हवी होती, नाहीतर सरळ आखूड. तुमची उंची वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघेल, म्हणून कुणाच्या तरी गाडीवर बसून पाहिल्याशिवाय काच घेऊ नका. सारोळ्याला नीरेच्या पुलावर आडवा वारा लागतो, तिथे मात्र वजनाचा फायदा होतो. माझी जुनी गाडी तिथे डुलायची, ही सरळ जाते. कंटेनर शेजारून गेला तरी हँडल हलकं धरलेलं चालतं.

परतीच्या वाटेवरचा कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. न्यूट्रल टाकून उतरणाऱ्या ट्रकांमुळे तिथे जे अपघात होतात ते आपण दर थोड्या महिन्यांनी बातम्यांत वाचतो. हा उतार मी क्रूझर घेण्याच्या आधीपासून घाबरून उतरतो, आणि इथे या इंजिनाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, म्हणजे सिलिंडर ७२ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची चाल ८५.८ मिलिमीटरची. चौथ्यात, गर्दी असेल तर तिसऱ्यात टाकून मुठ सोडली की गाडी स्वतःच आवरून धरते, ब्रेक फक्त टेकवावा लागतो. आरसे मात्र सतत बघायचे. मागून येणारा ट्रक ब्रेक दाबतोय की नुसताच हॉर्न देतोय, हे आरशात कळतं आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. दोन्ही चाकांना डिस्क आणि दोन्हीकडे एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरत नाही. पावसाळ्यात बोगद्याच्या एका तोंडाला कोरडा रस्ता आणि दुसऱ्या तोंडाला धो धो असं कैकदा होतं, तेव्हा एबीएस मागच्या चाकालाही हवं असं मला ठामपणे वाटतं. पैसे वाचवायचे तर काचेवर वाचवा, इथे नको.

कंप किती, हा प्रश्न रॉयल एनफिल्डच्या जुन्या थंडरबर्डवाल्यांचा. या इंजिनात कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, ८० ला आरशातली गाडी ओळखू येते. ज्यांना हात बधिर झाल्याशिवाय आपण 'बुलेट' चालवली असं वाटत नाही, त्यांची निराशा होईल. पंपावरचा पोऱ्या मात्र अजून हिला बुलेटच म्हणतो, मीही दुरुस्त करत नाही.

ॲव्हरेज हायवेला पस्तीसच्या आसपास मिळतं, नवले पुलावर अडकलो त्या दिवशी कमी. टाकी १५ लिटरची, म्हणजे आठवड्यातून एकदा भरली की झालं. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारायची, आमच्या अंतराला म्हणजे जवळपास दर आठवड्याला. पावसात तर चिखल उडून ती दोन दिवसांत कोरडी पडते आणि करकर ऐकू येते. ज्याला हे काम करायचा कंटाळा आहे त्याने कुठलीच चेनची गाडी रोज हायवेला नेऊ नये.

अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर घ्या, तारांची चाकं कितीही सुंदर दिसोत. किकवीजवळ मागच्या टायरमध्ये खिळा गेला होता. हवा हळूहळू उतरत होती, पंप मारून शिरवळ गाठलं आणि संध्याकाळी निवांत पंक्चर काढलं. ट्यूब असती तर तिथेच सर्व्हिस रोडला एक तास चाक खोलत बसलो असतो.

बाहेरच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात जादा लाइट लावून घेतले. त्याने वायर कापून जोड मारले, पहिल्याच मोठ्या पावसात फ्यूज उडाला आणि खेड शिवापूरला अंधारात थांबावं लागलं. आता लाइट काढून टाकलेत. वायर कापणारा माणूस दिसला की दुकानातून बाहेर पडा, वायर न कापता कपलरने (तयार प्लगने) जोडून देणारे असतात.

मागे बसणाऱ्यांचं मत दोन प्रकारचं आहे. बायकोला मागचा टेकू आवडतो. भोरपर्यंत आणि एकदा पसरणीच्या घाटातून पाचगणीला गेलो, तिने कुरकूर केली नाही. घाटात गाडी वळवायला घाई केली तर आवडत नाही, आधी वेग कमी करून मग वळवली की छान जाते. आई मात्र साडीत, एका बाजूला बसते. तिला मागची सीट अरुंद वाटते आणि टेकू आडवा येतो. तिला नारायणपूरला न्यायचं असलं की मी टेकू काढून ठेवतो, नाहीतर भावाची स्कूटर घेतो.

माझी गाडी २०२५ च्या बदलांच्या आधीची आहे. नव्या आवृत्तीत असिस्ट-स्लिपर क्लच आलाय, म्हणजे क्लचचा लिव्हर हलका लागतो, तो नवले पुलाखालच्या रांगेत रोज उभं राहणाऱ्यांच्या डाव्या हाताला नक्की जाणवेल. किंमत एक्स-शोरूम दोन लाखांच्या आसपास. त्यावर चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि खरोखर पाणी अडवणारा रेनकोट यांचे पैसे आधीच बाजूला काढा. मी रेनकोट दोनदा घेतला, पहिला सारोळ्याच्या पुढे टिकत नव्हता. मागचा टायर दिवाळीपर्यंत चालेल असं दिसतंय, मग एकदम चेन-स्प्रॉकेटही बघून घेईन. कोणी नसरापूर किंवा शिरवळच्या पट्ट्यात रोज जाणारं असेल आणि ॲव्हेंजर की मीटिऑर यात अडकलं असेल, तर विचारा, खड्डे कुठे आहेत तेही सांगतो.