क्रंचीरोल: ॲनिमेकडे परतणाऱ्या चाळिशीवाल्यांनी घ्यावं का?

घ्यावं, जपानी ॲनिमेशन म्हणजेच ॲनिमे दाखवणारं हे वर्गणीचं ॲप. पण मेगा फॅन प्लॅन घ्यावा, महिन्याच्या हिशोबाने घ्यावा, आणि सोनीच्या जुन्या ॲनिमॅक्स चॅनेलवर पाहिलेलं सगळं इथे एका जागी मिळेल ही आशा सोडून घ्यावा.

हे परीक्षण ज्या पिढीसाठी आहे तिचा प्रवास साधारण ठरलेला आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारचा मोगली, ज्यात शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. ती मालिका निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली बनवलेली, ५२ भागांची, अस्सल जपानी, हे बहुतेकांना फार उशिरा कळलं. मग ५ जुलै २००४ला ॲनिमॅक्स सुरू झालं. पुढे नोकरी, लग्न, बदल्या यांत चॅनेल लावायचं राहिलं आणि १८ एप्रिल २०१७ला ते बंदच पडलं. त्याच्या जागी सोनी येय आलं. २०१९मध्ये चाहत्यांच्या मागणीवर ५० हजारांहून जास्त सह्या गोळा झाल्यावर माकोतो शिन्काईचा 'वेदरिंग विथ यू' हा चित्रपट भारतातल्या थिएटरांत लागला, तेव्हा अनेकांची जुनी आवड परत जागी झाली. क्रंचीरोलही आता सोनीच्याच घरात आहे: ऑगस्ट २०२१मध्ये सोनीच्या फनिमेशन कंपनीने ते ११७.५ कोटी डॉलरना विकत घेतलं. म्हणजे मालक जुनाच, दुकान नवं.

आधी पैशांचं. फॅन प्लॅन महिना ७९ रुपये, मेगा फॅन ९९, आणि मेगा फॅन वर्षाचा ९९९ (दर बदलत असतात, भरण्याआधी साइटवर बघून घ्या). फॅनमध्ये एका वेळी एकच स्क्रीन चालते. मेगा फॅनमध्ये चार स्क्रीन आणि डाउनलोड, म्हणजे लोकलमध्ये रेंज गेली तरी भाग अडत नाही. २० रुपयांच्या फरकात फॅन घेण्यात काही अर्थ नाही. वार्षिक प्लॅनचा हिशोब मात्र नीट करा: ९९९ भागिले ९९ म्हणजे दहा महिने. वर्षात दहा महिन्यांहून जास्त बघणार असाल तरच वार्षिक परवडतो. परत आलेला प्रेक्षक सहसा दोन-तीन महिने भरभरून बघतो आणि मग थांबतो. त्याला ९९च बरे.

पैसे क्रंचीरोलच्या वेबसाइटवरून भरा. गूगल प्ले किंवा ॲपलमधून भरले, तर बंदही तिथूनच करावं लागतं, आणि नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नका.

आता खरा मुद्दा: काय बघायचं? परत येणाऱ्यांचा हमखास फसणारा बेत म्हणजे सुटलेली मालिका सुटली तिथूनच उचलायची. 'नारुतो' २२० भाग, पुढची 'शिप्पूदेन' ५००. प्रत्येकी २४ मिनिटं धरली तर २८८ तास होतात. 'वन पीस' १९९९पासून चालू आहे आणि अकराशे भाग कधीच ओलांडले. रोज तासभर बघितलंत तरी वर्ष पुरत नाही. त्यातही भरणा आहे. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, दर आठवड्याला एक प्रकरण पुढे सरके आणि टीव्ही त्याला गाठू लागला की स्टुडिओ स्वतःच्या कथा रचून वेळ काढत असे. 'नारुतो'मध्ये १३५व्या भागानंतर जवळजवळ शेवटपर्यंत हाच मामला आहे. तो पट्टा सरळ गाळा आणि 'शिप्पूदेन'वर जा, कथानकाचं काही बिघडत नाही.

'फुलमेटल अल्केमिस्ट' दोन आहेत हेही लक्षात ठेवा. २००३ची ५१ भागांची मालिका निघाली तेव्हा मांगा अपूर्ण होता, म्हणून तिचा उत्तरार्ध आणि शेवट स्टुडिओचा. २००९ची 'ब्रदरहुड' ६४ भागांची, मांगाच्या शेवटापर्यंत जाणारी. जुनी पाहिली असेल तर सुरुवातीचे डझनभर भाग ओळखीचे आणि जरा घाईचे वाटतील. तिथे कंटाळून सोडू नका. नंतर ती पूर्ण वेगळी वाट धरते आणि दोघींत तीच सरस आहे.

मधल्या काळात धंद्याची रीतच बदलली. आता बहुतेक मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार हंगामांत निघतात. एका हंगामात १२-१३ भाग होतात आणि मग विश्रांती. भरणा जवळपास संपला. चाळिशीत परत यायला हा काळ म्हणूनच सोयीचा आहे.

सुरुवात कुठून? माझं मत 'फ्रीरेन'ला. पहिला सीझन २८ भागांचा. प्रत्येक भागातली दीड मिनिटाची सुरुवात आणि तेवढाच शेवट गाळला तर दहा तासांच्या आत संपतो. राक्षसराजाला मारून झाल्यावर ही कथा सुरू होते. दहा वर्षं एकत्र फिरलेली चौघांची टोळी एक उल्कावर्षाव बघते आणि पांगते. हजार वर्षांहून जास्त जगणारी फ्रीरेन पुढच्या उल्कावर्षावाला, पन्नास वर्षांनी परतते, तर तिचा देखणा नायक टक्कल पडलेला म्हातारा झालेला असतो. पहिल्याच भागात त्याच्या अंत्यविधीला ती रडते ती या चुटपुटीने, की या माणसाला ओळखून घ्यायचा आपण कधी प्रयत्नच केला नाही. विशीत हे बघून तुम्ही पुढे गेला असतात. आता नाही जाणार. घरच्यांसोबत बघायचं असेल तर 'स्पाय फॅमिली', पहिला सीझन २५ भाग. शाळेच्या गणवेशातल्या नायकांचा कंटाळा आला असेल तर 'विनलँड सागा', २४ अधिक २४. ही रक्तरंजित आहे, मुलांना झोपवून बघा. दुसऱ्या सीझनमध्ये लढाया थांबून शेती सुरू होते आणि तिथे पुष्कळ जण वैतागतात. खरं तर पहिला सीझन त्यासाठीच रचलेला आहे.

भाषेचं सांगायचं तर मराठी नाही, ना आवाज ना सबटायटल. हिंदी, तमिळ, तेलुगू डब बऱ्याच नव्या मालिकांना आहेत. 'जुजुत्सु कायसेन' आणि 'सोलो लेव्हलिंग' त्यांत येतात. ॲनिमॅक्समुळे कानाला इंग्रजी डबची सवय असलेल्यांनी एक गोष्ट सांभाळा. इंग्रजी डब आणि पूर्ण इंग्रजी सबटायटल एकत्र लावू नका. सबटायटल जपानी संवादांवरून केलेले असतात, तर डबचे संवाद ओठांच्या हालचालीत बसवायला बदललेले, त्यामुळे ऐकू एक येतं आणि वाचायला दुसरंच मिळतं. डबसोबत सबटायटल बंद ठेवा.

टीव्हीची सेटिंग न बदलता ॲनिमे बघणं म्हणजे पैसे वाया. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीमध्ये मोशनफ्लो या नावाने जे असतं ते बंद करा. ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमचं असलं तरी एकेक चित्र दोन किंवा तीन फ्रेम तसंच धरलेलं असतं, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८च रेखाटनं. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने भरतो, मग तलवारीची कड विरघळते आणि चेहरे रबरासारखे ताणले जातात. चित्रकाराने मुद्दाम ठेवलेला झटका त्यात मरतो. दुसरं, २००५च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बहुतेक मालिका ४:३ आकाराच्या आहेत. बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. झूम केलंत तर डोकी आणि सबटायटल कापले जातात, ताणलंत तर सगळे जाडे दिसतात. तपासायचं असेल तर पडद्यावरचं गोल घड्याळ किंवा चाक बघा. ते अंडाकृती दिसलं की सेटिंग चुकली.

नवे भाग जपानच्या प्रक्षेपणानंतर थोड्याच वेळात येतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिथला रात्री ११चा भाग म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. जपानी वेळापत्रकात २५:०० असं दिसलं तर ती छपाईची चूक नाही. दुसऱ्या दिवशीचा रात्रीचा एक, म्हणजे आपले साडेनऊ. नोकरदाराला जेवणानंतरची ही वेळ फारच सोयीची पडते.

उणीव आहे ती जुन्या मालिकांची. प्रत्येक देशाचे हक्क वेगळे विकले जातात, म्हणून अमेरिकन याद्या वाचून पैसे भरू नका. क्रंचीरोलची साइट वर्गणीशिवाय उघडते. आपल्या आठवणीतली पाच नावं तिथे आधी शोधा आणि तीन सापडली तरच कार्ड काढा. घिबली स्टुडिओचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आहेत, इथे शोधत बसू नका. यूट्यूबवर म्यूझ इंडिया हे अधिकृत चॅनेल काही मालिका फुकट दाखवतं. आवड खरंच परत आली आहे की नुसती आठवण आली आहे, एवढं बघायचं असेल तर तिथल्या एखाद्या मालिकेचे तीन भाग पुरतात. चौथा लावावासा वाटला की मग ९९ रुपये.