उद्यमनगरातले निदान : पिकअपचा भाग बदलण्याआधी मोजमाप करणारे गॅरेज

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या आणि यंत्रकामाच्या कारखान्यांना लागून मालवाहू गाड्यांची दुरुस्ती करणारे एक छोटे गॅरेज आहे. मार्केट यार्डातून कोकणात गूळ नेणारी आमची डिझेल पिकअप आम्ही तिथे दाखवतो. मिस्त्री कारण सिद्ध केल्याशिवाय कोणताही भाग बदलत नाहीत, आणि मला हीच या गॅरेजची सर्वांत मोठी गुणवत्ता वाटते.

आमच्या गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी विजेची मोटर) सकाळी जड फिरत असे आणि कधी कधी नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन सगळे दिवे मंद पडत. दुसऱ्या एका ठिकाणी बॅटरी खराब असल्याचे सांगून ती बदलून देण्यात आली, पण त्रास तसाच राहिला. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी प्रथम गाडी बंद असताना बॅटरीचा विद्युतदाब मोजला. तो १२.६ व्होल्ट भरला, म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज होती. इंजिन सुरू झाल्यावर तो १४ व्होल्टच्या आसपास गेल्याने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही निर्दोष ठरला. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरून मला सेल्फ मारायला सांगितले. या दोन ठिकाणांमधला फरक साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असू नये. आमच्या गाडीत तो १ व्होल्टच्या वर गेला. सेल्फ शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो आणि २०० अँपिअरला ०.००५ ओहम एवढा नगण्य रोधही १ व्होल्ट खातो, त्यामुळे साध्या टेस्ट लॅम्पला हा दोष कधीच दिसत नाही. शेवटी त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनपर्यंत एक जाड जंपर केबल तात्पुरती जोडली आणि सेल्फ झटक्यात फिरला. चॅसिस आणि इंजिन यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीखाली गंज साचला होता. जागा घासून स्वच्छ केली, नवी पट्टी बसवली आणि काम झाले. त्याचा खर्च त्या अनावश्यक बॅटरीच्या तुलनेत किरकोळ होता.

घाट चढताना ताकद कमी पडणे आणि काळा धूर येणे, ही आमची दुसरी तक्रार होती. गाडीच्या संगणकातली बिघाडाची नोंद वाचणाऱ्या स्कॅनरने टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाचा, दाब कमी असल्याचा कोड दाखवला. असा कोड पाहून थेट टर्बो बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात. कोड फक्त लक्षण सांगतो; त्यामागचे मूळ कारण फाटका पाइप, तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा अडकलेला अॅक्च्युएटर किंवा बिघडलेला सेन्सर यांपैकी काहीही असू शकते, हे इथे नीट समजावून सांगितले गेले. हवेच्या मार्गाचे तोंड बंद करून त्यात कमी दाबाची हवा सोडल्यावर आणि वरून साबणाचे पाणी लावल्यावर इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी होसवर क्लॅम्पलगत बुडबुडे आले. सेन्सरने आत येताना मोजलेली हवा वाटेतच निसटत होती, डिझेल मात्र त्या मापाने पडत होते, म्हणून काळा धूर. गिअर बदलताना मागून येणारा ‘खट्’ आवाज प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे त्याच्या सांध्याचा निघाला. शाफ्ट हाताने हलवून तो ढिलेपणा त्यांनी मलाही दाखवला.

उणिवाही आहेत. गुऱ्हाळांच्या हंगामात इथे फार ताटकळावे लागते, गाडी उभी करायला जागा अपुरी आहे आणि इंजेक्टरची चाचणी इथे होत नसल्याने ते काम बाहेर न्यावे लागते. मुख्य म्हणजे मोजलेले आकडे बिलावर लिहून मिळत नाहीत. इतके चांगले निदान करणाऱ्यांनी ते कागदावर द्यायलाच हवे, कारण पुढच्या बिघाडाच्या वेळी चालकाला त्याचाच आधार असतो. निदानाची मजुरी मात्र वेगळी घेतली जाते आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण तिच्यामुळे आमचा नव्या टर्बोचा खर्च टळला.

सेल्फची तक्रार असल्यास गाडी थंड असतानाच, सकाळी लवकर दाखवावी, आणि ओढ कमी पडत असल्यास शक्यतो माल भरलेली असताना न्यावी. चेक लाइट घालवण्यासाठी जाण्यापूर्वी बॅटरीची वायर काढू नये. बिघाडाच्या क्षणी साठवलेली नोंद त्यामुळे पुसली जाऊ शकते आणि मिस्त्रींना तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.