स्वयंअध्ययन घटक : सरळ मांडणीचा की शाखांचा?

स्वयंअध्ययन घटक, म्हणजे विद्यार्थी शिक्षकाशिवाय स्वतः सोडवत शिकेल असा धडा, तयार करायला बसलेले शिक्षक बहुधा 'छापील की मोबाइलवर' या प्रश्नापासून सुरुवात करतात. विद्यार्थी चुकला की घटक त्याला कुठे नेणार, हे माझ्या मते त्याआधी ठरवावे लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या सरळ मांडणीत छोट्या पायऱ्यांवरून सर्वांना एकाच क्रमाने नेले जाते; त्यांचे समकालीन नॉर्मन क्राउडर यांच्या शाखांच्या मांडणीत चुकीच्या उत्तरालाही स्वतःची वाट असते. समजा, प्रश्न असा आहे : ठाणे-वाशी लोकलने 18 किलोमीटर अंतर 30 मिनिटांत कापले, तर तिचा ताशी वेग किती? 30 मिनिटे म्हणजे 0.30 तास असे धरणाऱ्या मुलीचे उत्तर 60 येते, आणि लोकलचा वेग म्हणून ते तिला खटकतही नाही. सरळ घटकात मागच्या पानावर 36 हे उत्तर दिसते, ती खोडून 36 लिहिते आणि दशांशाचा गैरसमज तसाच राहतो. शाखांच्या घटकात '60 आले असल्यास पान 7 पाहा' असे सांगून तिला तासाचे साठ भाग दाखवता येतात.

शाखांना मेहनत मात्र पुष्कळ लागते, कारण चुका कल्पनेने नव्हे, तर वह्या तपासून गोळा कराव्या लागतात. म्हणून प्रयोगाची कृती किंवा शब्दसंग्रह यांसाठी सरळ मांडणी पुरेशी आहे. गुणोत्तर, वेग, अपूर्णांक यांना शाखा हव्यातच. त्यासाठी मोबाइल अनिवार्य नाही, कारण क्राउडर यांच्या शाखा छापील पुस्तकांतही होत्या. ठाण्याजवळच्या कळव्यात किंवा दिघ्यात घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर पाळीला जात असेल, तर पुस्तिकाच बरी.

मूल्यमापनात केवळ उत्तरचाचणीच्या, म्हणजे घटक संपल्यावर घेतलेल्या चाचणीच्या, गुणांवर भिस्त ठेवू नये. पूर्वचाचणीत 40 आणि उत्तरचाचणीत 70 टक्के मिळाले, तर शिल्लक 60 पैकी 30, म्हणजे 0.5 इतकी वाढ झाली. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये वापरलेले हे गुणोत्तर वेगवेगळ्या वर्गांच्या तुलनेला सोयीचे आहे. तीन आठवड्यांनी तीच संकल्पना वेगळ्या आकड्यांत पुन्हा विचारावी. छपाईपूर्वी तीन मुलांना, त्यांतही एका कच्च्या मुलाला, शेजारी बसवून घटक सोडवायला द्यावा, मदत करू नये आणि पेन्सिल कुठे थांबते ते पानावर टिपून ठेवावे.